४८ अंडी लावली, १५ पिल्लं निघाली. बाकीची अंड्यातच का मेली?

टरफल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो. आज लिहायला बसलोय कारण डोकं चालेनासं झालंय.

पंखा असलेलं छोटं इन्क्युबेटर आहे, अंडी आपोआप कलती होतात. घरच्याच कोंबड्यांची ४८ अंडी लावली. सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून पाहिलं तर ९ अगदी कोरी, २ मध्ये रक्ताचं कडं, म्हणजे गर्भ मेलेला. ती काढून टाकली. अठराव्या दिवशी आणखी ३ मेलेली निघाली. उरली ३४. या ३४ मध्ये हालचाल मी स्वतः पाहिली आहे. त्यातून बाहेर आली १५. सहांनी कवच टोचलं आणि तिथेच थांबली. तेरांनी टोचलंसुद्धा नाही.

एकविसावा दिवस कोरडा गेला. पहिलं पिल्लू बाविसाव्या दिवशी रात्री, शेवटचं तेविसाव्याला संध्याकाळी. जी आली तीही चिकट, पिसं डिंक लावल्यासारखी, पोटं टम्म.

तापमान पूर्ण वेळ ३७.७ अंश. आर्द्रता आधी ६० टक्के, शेवटचे तीन दिवस ७५. सगळीकडे लिहिलेले आकडे पाळले. मग यंत्रच खराब म्हणायचं का? बदलून टाकू?

हिशेबी

थांबा, यंत्र बदलू नका. आधी चार प्रश्न.

१. लावण्याआधी अंडी किती दिवस साठवली होती, आणि कशी?
२. कोंबड्या किती, कोंबडे किती?
३. तो ३७.७ आकडा दाखवणारा थर्मामीटर दुसऱ्या कशाशी ताडून पाहिलात का?
४. मेलेली १९ अंडी फेकलीत का? फेकली नसतील तर फेकू नका.

पिसारा

मी पण याच दुःखात आहे. वाचतेय.

टरफल

@हिशेबी, १) दहा दिवस जमवत होतो. स्वयंपाकघरात, खोक्यात, जशी बसतील तशी. २) २२ कोंबड्या, एक कोंबडा. ३) नाही. काचेचा थर्मामीटर यंत्राबरोबर आला तोच. ४) अंडी बादलीत आहेत, फेकायचा धीर झाला नाही.

जुनाखुराडा

बाळा, धीर झाला नाही हे बरंच झालं. ती अंडी म्हणजे तुझी वही आहे. पिल्लू का मेलं ते पिल्लूच सांगतं, पण त्यासाठी अंडं उघडावं लागतं. अॅरिस्टॉटलने सुमारे साडेतेवीसशे वर्षांपूर्वी हेच केलं होतं. कोंबडीखालची अंडी वेगवेगळ्या दिवशी फोडून पाहिली, आणि तिसऱ्या दिवशी पांढऱ्यात रक्ताच्या ठिपक्यासारखं धडधडणारं हृदय दिसतं असं लिहून ठेवलं. तुझ्याकडे तर टॉर्च आहे, हातमोजे आहेत.

मोकळ्यावर बस, नाकाला फडकं बांध. फोडताना बोथट टोकाकडून, म्हणजे हवेची पोकळी असते तिथून सुरुवात कर. कवचाचा तुकडा काढ आणि आधी नुसतं बघ, लगेच ओतू नकोस. पोकळी केवढी आहे? चोच पोकळीत शिरली आहे का? डोकं कुठे आहे? बलकाची पिशवी पोटात गेली आहे की बाहेर लोंबते आहे? आत पाणी किती आहे? एकेक लिहून ठेव.

टरफल

केलं. जेवण गेलं नाही आज, पण केलं.

४ अंड्यांत डोकं निमुळत्या टोकाला. म्हणजे पोकळी एकीकडे, चोच दुसरीकडे.

९ मध्ये पिल्लू पूर्ण तयार. पिसं, नखं, चोचीवरचा तो पांढरा दाणा, सगळं जागच्या जागी. पण बलकाची पिशवी अर्धी बाहेर, आणि आत इतकं पाणी की कवच कलंडवल्यावर ओघळलं. पोकळी अगदीच लहान, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी. चोच पोकळीपर्यंत पोचलेलीच नाही.

टोचून थांबलेली ६, त्यांच्या चोचीभोवती पिवळट चिकट पदार्थ सुकलेला. एकाचं नाक त्यानेच बंद झालं होतं.

यातलंच एक पिल्लू डोकं उजव्या पंखाखाली घालून झोपल्यासारखं होतं. ते बघून जास्त वाईट वाटलं.

नाडीपरीक्षा

उजव्या पंखाखाली डोकं आणि चोच पोकळीकडे, हीच बरोबर बैठक असते. ते पिल्लू शेवटपर्यंत सगळं नीट करत होतं.

तुमच्या नोंदींवरून मला जे दिसतं ते सांगते. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यातून २१ दिवस ऑक्सिजन आत आणि पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड बाहेर, अशी ये-जा चालू असते. पाणी उडालं की त्याची जागा हवा घेते आणि बोथट टोकाची पोकळी वाढत जाते. ही पोकळी म्हणजे पिल्लाची पहिल्या श्वासाची खोली. एकोणीस-विसाव्या दिवसापर्यंत ते कवचाच्या आतल्या बाजूला पसरलेल्या रक्तवाहिन्यांच्या पडद्यातून प्राणवायू घेतं. मग आतलं पातळ आवरण फोडून चोच पोकळीत घालतं आणि फुप्फुसं पहिल्यांदा चालू होतात. आतून चिवचिव ऐकू येते ती तेव्हाच. पोकळी लहान राहिली तर एकतर चोच तिथवर पोचत नाही, किंवा पोचली तरी हवा पुरत नाही. पिल्लू आपल्याच पाण्यात गुदमरतं.

तुमची ९ अंडी सरळ सरळ हेच सांगतात, चिकटलेली ६ सुद्धा. आर्द्रता फार झाली.

आणि उशीर? सगळी घाण एक-दीड दिवस उशिरा निघाली याचा अर्थ तापमान सतत थोडं कमी होतं. कमी तापमानात बलकाची पिशवीही उशिरा आत ओढली जाते, म्हणजे दोन्ही कारणं एकमेकांत मिसळली आहेत. "६० आणि ३७.७" हे तुमच्या काट्यांचं म्हणणं झालं. अंड्यांचं म्हणणं वेगळं आहे, आणि माझा विश्वास अंड्यांवर.

(घाण म्हणजे घाणा. एका वेळी लावलेल्या अंड्यांचा. फोनने गडबड केली.)

ओलसर

आर्द्रता जास्त झाली म्हणून कुणी मरत नसतं हो. उलट कोरडं पडलं की पडदा पिल्लाला चिकटतो आणि ते अडकतं. मी तर रोज पाणी फवारतो.

हिशेबी

@ओलसर, तुम्ही बहुतेक बदकाची उबवता. बदकाच्या अंड्यांवर थोडं गार करून पाणी फवारायची पद्धत आहे आणि ती अनेकांना मानवते. कोंबडीच्या अंड्यांना रोज फवारा म्हणजे ओल्या कवचातून जंतूंना आवतण.

पडदा चिकटण्याचं म्हणाल तर ते खरं आहे, पण ते शेवटच्या तीन दिवसांचं दुखणं. पहिले अठरा दिवस पाणी उडायला हवं, शेवटचे तीन दिवस उडायला नको. यंत्र तेच, अंडं तेच, गरज उलटी. म्हणून सर्वसाधारणपणे आधी ५० ते ५५ आणि अठराव्यानंतर ६५ ते ७५ सांगतात.

पण टक्क्यांच्या मागे लागूच नका. वजन करा. कोंबडीच्या अंड्याचं वजन अठराव्या दिवसापर्यंत सुमारे १२ टक्के घटलं पाहिजे, ११ ते १४ मध्ये कुठेही चालेल. ६० ग्रॅमचं अंडं असेल तर ७ ग्रॅमच्या थोडं वर, म्हणजे रोजचे ०.४ ग्रॅम. एका अंड्यावर ते कळत नाही, पण ३० अंड्यांचा ट्रे एकत्र ठेवला की रोज १२ ग्रॅम दिसतात. साधा डिजिटल काटा पुरतो. घट कमी पडली तर पाणी काढा, जास्त झाली तर पाणी वाढवा. हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, खोटं बोलेल, वजनाचा काटा बोलणार नाही.

टरफल

आजचा शोध: थर्मामीटर आणि घरातला ताप मोजायचा, दोन्ही रबरबँडने बांधून कोमट पाण्याच्या पेल्यात धरले. ताप मोजायचा ३७.१ दाखवतोय तेव्हा यंत्रातला ३७.७!

म्हणजे २३ दिवस मी ३७.१ वर उबवत होतो.

जुनाखुराडा

०.६ अंश म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. पंख्याच्या यंत्रात ३७.५ ते ३७.८ एवढीच वाट आहे. बिनपंख्याच्या पेटीत हवा थर धरून राहते, तिथे अंड्याच्या माथ्याशी मोजून ३८.३ ते ३८.९ ठेवतात. लोक एकाचा आकडा दुसऱ्याला लावतात आणि मग यंत्राला शिव्या देतात.

एक मात्र लक्षात ठेव, चूक थंडीकडे झाली तर गर्भ बऱ्यापैकी सोसतो, गरमीकडे झाली तर सोसत नाही. दोन-चार तास वीज गेली तर घाबरू नको. झाकण उघडू नको, वर घोंगडी टाक. तेच ४१ च्या पुढे काही तास गेलं तर सगळा घाणा संपला. आणि दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपासून पिल्लं स्वतःच उष्णता देऊ लागतात, गच्च भरलेल्या यंत्रात तेव्हा तापमान आपोआप चढतं. पहिल्या दिवशी लावलेला काटा अठराव्या दिवशीही तसाच राहील असं धरून चालू नये.

जुन्या काळी इजिप्तमध्ये मातीच्या मोठ्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवत. तिथले कारागीर अंडं पापणीला लावून ऊब ओळखत. आपल्याला तेवढं कसब नाही, म्हणून निदान दोन थर्मामीटर ठेवावेत.

चिमणचारा

मधेच विचारतो. ती ९ कोरी अंडी, ती यंत्राच्या खात्यावर की कोंबड्याच्या?

नाडीपरीक्षा

चांगला प्रश्न. उजेडात दोन्ही सारखीच दिसतात, फोडल्यावर फरक कळतो. बलकावर बारीक, घट्ट, वेडावाकडा पांढरा ठिपका असेल तर अंडं फळलेलंच नव्हतं. फळलेल्या अंड्यात तो ठिपका मोठा, गोल आणि कड्यासारखा असतो, मधला भाग जरा विरळ. पहिल्या एक-दोन दिवसांत मेलेल्या गर्भाचं कडं आणखी पसरलेलं आणि पांढुरकं दिसतं. त्यामुळे "कोरी" म्हणून फेकलेल्यातली काही अंडी खरं तर फळलेली असतात आणि साठवणुकीत मेलेली असतात. दोष कोंबड्यावर जातो, गुन्हेगार स्वयंपाकघर असतं.

पण २२ कोंबड्यांना एक कोंबडा हे प्रमाण मुळातच ताणलेलं आहे. हलक्या जातीत १० पर्यंत, जड जातीत ८ पर्यंत धरावं. शिवाय कोंबड्याच्या आवडत्या असतात, नावडत्या असतात. काही कोंबड्यांपर्यंत तो पोचतच नाही. कडक उन्हाळ्यात, म्हातारपणी, पायाला दुखापत झाली की फळण्याचं प्रमाण पडतं.

एक गंमत सांगते. कोंबडीच्या अंडनलिकेत शुक्राणू साठवायच्या बारीक नळ्या असतात. एकदा जोडा लागला की साधारण १० ते १४ दिवस ती फळलेली अंडी देऊ शकते. म्हणून कोंबडा बदलल्यावर पिल्लं नव्याचीच हवी असतील तर तीन आठवडे थांबून मग अंडी जमवावीत.

जुनाखुराडा

साठवण हा माझा आवडता विषय, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि कुणाला दिसत नाही.

अंडं बाहेर पडतं तेव्हाच आत गर्भ सुरू झालेला असतो, हजारो पेशी तयार असतात. गार झालं की तो झोपी जातो. साधारण २० ते २१ अंशांच्या खाली वाढ थांबते. स्वयंपाकघरात सकाळी गार, दुपारी चुलीची धग, म्हणजे गर्भ उठतो, झोपतो, पुन्हा उठतो. असा अर्धवट जागा झालेला गर्भ पुढे तिसऱ्या-चौथ्या दिवशी दम सोडतो. तुझी रक्ताच्या कड्याची दोन अंडी तशी असू शकतात.

१५ ते १८ अंश, बऱ्यापैकी दमट जागा, बोथट टोक वर, आणि सात दिवसांच्या आत लावणं. त्यापुढे रोज काही ना काही घसरतं. पांढरं पातळ होत जातं, कार्बन डायऑक्साइड उडून त्याचा सामू वाढतो, आणि जुनी अंडी निघायलाही उशीर लावतात. फ्रिज फार थंड, तिथे नको. लावायच्या आधी अंडी काही तास खोलीच्या तापमानाला आण. थेट गारातून यंत्रात गेली तर कवचाला घाम येतो, त्या पाण्याबरोबर जंतू छिद्रांतून आत.

निमुळतं टोक वर राहिलं की डोकं उलट्या बाजूला जातं. तुझी ती चार अंडी. गोलसर अंड्यांत टोक ओळखू येत नाही तेव्हा आधी टॉर्च लावून पोकळी शोध, पेन्सिलीने खूण कर. पेनाने नको.

पिसारा

खाद्याचा काही संबंध असतो का? माझ्याकडे दुसऱ्या आठवड्यात मरतात. आणि जी निघाली त्यात दोघांच्या पायाची बोटं आत वळलेली.

नाडीपरीक्षा

असतो, आणि तुमच्या वर्णनात तो ओरडून सांगतोय. पहिल्या चार दिवसांत आणि शेवटच्या तीन दिवसांत थोडी मर चांगल्या घाण्यातही असते. मधला आठवडा शांत जायला हवा. तिथे मर दिसली की आधी आईच्या खाद्याकडे बघायचं. रिबोफ्लेविन, म्हणजे जीवनसत्त्व ब२, कमी पडलं की मधल्या दिवसांत गर्भ मरतात, लव गाठी मारल्यासारखी गुंडाळलेली दिसते आणि निघालेल्या पिल्लांची बोटं वळतात. मँगनीज कमी पडलं तर पाय आखूड आणि चोच पोपटासारखी.

अंडी खाण्यासाठी घालणाऱ्या कोंबडीचं खाद्य आणि पिल्लं काढायच्या कळपाचं खाद्य वेगळं असतं ते याचसाठी. पहिलीला भरपूर अंडी घालायला जेवढं लागतं तेवढं मिळालं की पुरे. दुसरीला २१ दिवसांची शिदोरी अंड्यात बांधून द्यायची असते. नंतर काही भरता येत नाही. खाद्य बदलल्यावरही दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग अंडी जमवा.

चिमणचारा

आणि जवळच्या नात्यातले जोडे? आमच्या कळपात सगळे एकमेकांचे भाऊबहीण.

नाडीपरीक्षा

उबवण घसरते, पिढीगणिक जास्त. बाहेरचा कोंबडा आणा. काही जनुकं तर दोन्हीकडून आली की जीवघेणीच असतात. आखूड पायांच्या क्रीपर कोंबड्यांत दोन आखूडपायांचा जोडा लावला तर पाव गर्भ पहिल्या काही दिवसांतच मरतात. तिथे यंत्र काय करणार.

टरफल

दुसरा घाणा लावला. ४० अंडी, सगळी बोथट टोक वर, प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख. कोंबडा अजून एक आणलाय, तीन आठवडे झाले. तळघरात १७ अंशांची जागा सापडली, अंडी तिथे ठेवली होती. जमवायला मात्र पुन्हा दहा दिवस लागले, इलाज नव्हता. तापमान दोन थर्मामीटर लावून ३७.६. आर्द्रता हायग्रोमीटरवर ५०. एकूण वजन २,२४० ग्रॅम.

हिशेबी

२,२४० चे १२ टक्के म्हणजे २६९ ग्रॅम, दिवसाला १५ चा हिशेब. सातव्या दिवशी १०५ ग्रॅम उतरायला हवेत. आकडा इथे टाका. आणि खराब अंडी काढायच्या आधी वजन करा, नंतर नाही.

टरफल

सातवा दिवस. २,१७८ ग्रॅम.

फक्त ६२ उतरले! ५० टक्के ठेवूनही?

उजेडात ४ कोरी, एकात कडं. ३५ जिवंत. त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रक्तवाहिन्या आणि मधे डोळ्याचा काळा ठिपका हलताना दिसतोय, तेवढं समाधान.

हिशेबी

हायग्रोमीटरने कबुली द्यायची वेळ आली. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी टाकून लगद्यासारखं करा, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि हायग्रोमीटर दोन्ही बंद पिशवीत आठ-दहा तास ठेवा. ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. तुमचा काय दाखवतो बघा.

टरफल

५७.

७५ ला ५७ दाखवतोय. म्हणजे काट्यावरचे ५० हे खरे ६८ च्या आसपास. आणि मागच्या वेळी ६० ठेवले होते ते खरे ७८!! पोरांना मी अक्षरशः बुडवलं.

पाणी सगळं काढलं. वरची झडप पूर्ण उघडली. आता काट्यावर ३२ दिसतोय.

ओलसर

३२ बघून माझ्या पोटात गोळा आला असता. पण ५७ चा आकडा वाचला आणि गप्प बसलो. माझा पण मिठात ठेवून बघतो.

जुनाखुराडा

झडप उघडलीस ते दोन्ही अंगांनी चांगलं. शेवटच्या आठवड्यात पिल्लांना हवा फार लागते. लोक ऊब धरून ठेवायला झडप बंद करतात आणि कार्बन डायऑक्साइड साठतो.

फिरवणं चालू आहे ना? पहिल्या आठवड्यात ते सगळ्यात महत्त्वाचं. बलक हलका, तो वर तरंगतो. अंडं एकाच बाजूला पडून राहिलं तर गर्भ कवचाच्या आवरणाला चिकटतो. अठराव्या दिवशी फिरवणं बंद, अंडी आडवी, आणि मग झाकणाला हात लावायचा नाही.

टरफल

अठरावा दिवस. ३५ अंड्यांचं सुरुवातीचं वजन १,९६० होतं, आता १,७४८. घट २१२ ग्रॅम, १०.८ टक्के. दोन मेलेली काढली. ३३ आत. पोकळी आता अंड्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी दिसते आणि तिची कड तिरकी उतरते.

टरफल

विसावा दिवस, रात्री ११. एका अंड्याला कान लावला. आतून आवाज येतोय.

पिसारा

धाग्याला चिकटून बसलेय मी.

टरफल

एकविसावा दिवस. पहाटेपासून १९ बाहेर. कोरडी होऊन गोंड्यासारखी फुललीत.

पण एक चूक केली. एकाने काल रात्री आठला टोचलं होतं, सकाळी सहापर्यंत पुढे काही नाही. मागची सहा डोळ्यांपुढे होती. राहवलं नाही, झाकण उघडून कवच सोलायला लागलो. दुसऱ्याच तुकड्याला रक्त आलं. पांढऱ्या पडद्यावर लाल रेघ पसरत गेली. पुन्हा आत ठेवलं. दुपारी गेलं.

नाडीपरीक्षा

दहा तास ही दिरंगाई नाही. टोचल्यावर पिल्लू थांबतं ते थकून नाही, त्याला काम असतं. पडद्यातल्या रक्तवाहिन्या आटवायच्या असतात, उरलेला बलक पोटात घ्यायचा असतो. १२ ते १८ तास सहज जातात, कधी २४. मग ते गोल फिरत कवच कातरत जातं आणि टोपी उडवतं. तुम्ही सोललंत तेव्हा वाहिन्या चालू होत्या.

जुनाखुराडा

मी तर म्हणतो कधीच सोडवू नये. जे स्वतः निघत नाही ते पुढेही धड राहत नाही.

नाडीपरीक्षा

काका, इथे माझं जमत नाही तुमच्याशी. पिल्लू अशक्त असेल तर तुम्ही म्हणता ते खरं. पण झाकण उघडल्यामुळे पडदा कातड्यासारखा आवळला असेल तर चूक आपली, शिक्षा त्याला कशाला? २४ तास उलटले, पडदा पिवळसर कोरडा दिसतोय, रक्तवाहिन्या दिसत नाहीत, तर कोमट पाण्याने पडदा ओला करून चोचीपुरतं मोकळं करावं. रक्ताचा थेंब दिसला की थांबायचं.

जुनाखुराडा

तुझं तू कर, मी माझं करतो. एवढं मात्र दोघांचं जमेल: चोवीस तासांआधी हात खिशात.

चिमणचारा

बाहेर आलेल्यांना खायला कधी द्यायचं? लगेच काढू का यंत्रातून?

हिशेबी

लव सुकेपर्यंत आत राहू द्या. पोटातल्या बलकावर दोन दिवस निघतात, म्हणून तर एका दिवसाची पिल्लं लांबच्या प्रवासाला पाठवता येतात. पण लवकर पाणी-खाद्य मिळालं तर चांगलंच. दर तासाला एकेक काढायला झाकण उघडू नका, बाकीची अडकतील.

टरफल

शेवटचा आकडा. ३३ पैकी २७ बाहेर. फळलेल्या ३६ वर ७५ टक्के.

न निघालेल्या ६ मध्ये एक ते मी मारलेलं. एकात डोकं डाव्या पंखाखाली. उरलेली ४ हातात घेतली आणि पेन्सिलीच्या तारखा वाचल्या. चारही अंडी पहिल्या दोन दिवसांची, म्हणजे लावली तेव्हा नऊ-दहा दिवस जुनी. त्या दोन दिवसांची एकूण ७ अंडी होती. दोन सातव्या दिवशी कोरी म्हणून काढली होती, त्यांच्यावरही त्याच तारखा. सातातून पिल्लू निघालं एक.

या वेळी कोरी चारही फोडून बघितली. दोनांत तो घट्ट बारीक ठिपका. या दोन जुन्यांत पसरलेलं पांढुरकं कडं.

नाडीपरीक्षा

म्हणजे ती दोन फळलेली होती. मग तुमचा हिशेब ३८ वर २७ असा मांडा, ७१ टक्के. त्या दोनांपुरता कोंबडा निर्दोष.

हिशेबी

आणि पहिल्या दोन दिवसांची ती ७ जुनी अंडी वगळली तर फळलेल्या ३१ पैकी २६. हा आकडा खरा तुमच्या यंत्राचा.

खुडूक

उशिरा आले. आमच्याकडे एक खुडूक बसली होती, तिच्याखाली त्याच सुमाराला १० अंडी ठेवलेली. ९ निघाली. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठायची, शिटायची, खायची, परत बसायची. तिच्या पोटाखाली पिसं झडून उघडी पडलेली जागा असते, ती थेट अंड्यांना टेकते, आणि चोचीने ती दिवसभर अंडी सरकवत असते. दहावं अंडं तिने एकोणिसाव्या दिवशी स्वतःच बाहेर ढकललं. फोडून पाहिलं, मेलेलं होतं.

टरफल

तिला कसं कळलं?

खुडूक

ते तिलाच विचारावं लागेल. सध्या पिल्लं घेऊन फिरतेय, जवळ गेलं की चोच मारते.

टरफल

तिसरा घाणा पुढच्या सोमवारी. या वेळी सहा दिवसांत जमतील तेवढीच अंडी, १८ झाली तर १८. हायग्रोमीटरवर कागद चिकटवलाय: "अधिक १८". हे वाचून घरातले विचारतात, कसले अधिक १८?